आगगाडी मुलांच्या हाती देणारा हिशेबनीस

१६ एप्रिल १८५३ च्या दुपारी बोरीबंदरहून चारशे पाहुण्यांना घेऊन चौदा डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावे ठाणेकरांना शाळेपासून पाठ असतात. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी या लोहमार्गासाठी केलेली खटपटही आपण ऐकलेली असते. ही इंजिने आली कुठून, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची ही पहिली इंजिने इंग्लंडमधल्या न्यूटन-ल-विलोज या गावी, व्हल्कन फाउंड्री नावाच्या कारखान्यात घडली. लिव्हरपूल बंदरापासून हे गाव जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे.

ठाण्याला गाडी आल्याला दहा वर्षे आणि एक महिना होत आला असताना, १५ मे १८६३ रोजी, त्याच लिव्हरपूल शहरात एका व्यापाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. तो इंजिनिअर झाला नाही. त्याने आयुष्यात एकही खरे इंजिन बांधले नाही. पण आगगाडीचे इंजिन उचलून मुलाच्या तळहातावर ठेवण्याचे काम ज्या थोड्या माणसांनी केले, त्यांत त्याचे नाव फार वर आहे. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

हॉर्नबी हे नाव आज खोक्यावर दिसते. माणूस मागे पडला आणि नाव मालाला चिकटले, असे पुष्कळांच्या बाबतीत होते. ठाण्याच्या कोलशेतचेच पाहा. या गावाला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर ठाणे गाठावे लागते. खाडीकाठी कोळी-आगऱ्यांची वस्ती, मग रासायनिक कारखाने आणि आता उंच इमारती, असा या परिसराचा प्रवास झाला. या इमारतींतल्या एखाद्या घरी वाढदिवसाला आगगाडीचे खोके येते, फरशीवर रूळ जोडले जातात आणि थोड्याच वेळात गाडी वळणावर उलटते. मुलगा हिरमुसतो आणि वडील स्वतःच ओणवे होऊन रूळ तपासू लागतात. ती गाडी का उलटली, या प्रश्नाचे उत्तर हॉर्नबींच्या आयुष्यात सापडते.

हिशेबाच्या वहीतला माणूस

फ्रँकचे वडील जॉन हॉर्नबी खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. मुलाला शाळेची गोडी नव्हती. दांड्या मारण्यातच त्याचे मन रमे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. गाण्याची त्याला आवड होती. पण सर्वांत खोल ठसा उमटला तो एका पुस्तकाचा. सॅम्युएल स्माइल्सचे ‘सेल्फ हेल्प’ हे स्वावलंबनाचे धडे देणारे पुस्तक लहानपणी त्याच्या हाती आले. गरिबीतून वर आलेल्या, शंभरदा अपयश पचवून यंत्रे शोधून काढणाऱ्या माणसांच्या त्या गोष्टी वाचून हा मुलगा स्वतःही काही शोध लावायला बसला. कायम आपोआप चालत राहील असे यंत्र करण्याचा उद्योग त्याने केला. असे यंत्र होणे निसर्गनियमातच बसत नाही. त्यामुळे तो प्रयत्न फसला, यात नवल नाही.

१८८७ मध्ये त्यांचे लग्न क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी झाले. रोलंड आणि डग्लस ही मुले झाली, पुढे एक मुलगीही झाली. १८९९ मध्ये वडील वारले आणि पेढी बंद झाली. छत्तिशीतल्या या गृहस्थाने मग डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. दिवसभर जमाखर्च लिहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मुलांसाठी पत्रा कापायचा, असा क्रम सुरू झाला. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत असा एखादा माणूस असतो. पगार बेताचा, हत्यारे चार आणि डोक्यात सदैव काहीतरी चाललेले.

अर्ध्या इंचाची गोष्ट

मुलांना हॉर्नबी पूल, गाड्या, क्रेन करून देत. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापावे लागत आणि खेळणे जुने झाले की ते भाग वाया जात. पुढे ते सांगत असत त्याप्रमाणे, एका नाताळाच्या आदल्या दिवशी आगगाडीने जाताना खिडकीतून त्यांना मालधक्क्यावरची छोटी क्रेन दिसली आणि मनातला गुंता सुटला. क्रेनचा दांडा ज्या पट्टीचा करायचा, तीच पट्टी पुलालाही चालली पाहिजे. म्हणजे सगळ्या पट्ट्यांची रुंदी एक, भोकांचा आकार एक आणि दोन भोकांमधले अंतरही एकच. त्यांनी अर्धा इंच रुंदी धरली आणि भोकेही अर्ध्या-अर्ध्या इंचावर पाडली. पट्टी कुठलीही घ्या, नट-बोल्टने ती दुसऱ्या कुठल्याही पट्टीला जोडता येईल. खेळ झाला की सगळे सोडवून पुन्हा नवे काही उभारता येईल.

आज ही कल्पना इतकी साधी वाटते की तीत शोध कसला, असे कुणीही विचारावे. पण कारखान्यातल्या फिटरला यातली ग्यानबाची मेख लगेच कळेल. साडेबारा इंचाच्या पट्टीत पंचवीस भोके असतात, म्हणजे मध्ये चोवीस अंतरे. प्रत्येक अंतरात इंचाचा शंभरावा भाग जरी चुकला, तरी शेवटच्या भोकापर्यंत चूक जवळजवळ पाव इंचावर जाते. तेवढ्याने बोल्ट आत शिरत नाही आणि पूल वाकडा होतो. मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. खेळण्याचा दोष मुलाच्या माथी बसतो. जमाखर्चाच्या वहीत एका पैशाची चूक शेवटच्या पानापर्यंत छळते, हे हिशेबनिसाइतके कुणाला ठाऊक असणार? हॉर्नबींनी तोच कडकपणा पत्र्यात आणला.

एकस्वाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. मालक एलियट यांनी पाच पौंड उसने दिले आणि जानेवारी १९०१ मध्ये अर्ज दाखल झाला. मालकच पुढे भागीदार झाले आणि त्यांनी कामासाठी जागाही दिली. १९०२ मध्ये पहिली पेटी विक्रीला आली. ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ असे तिचे नाव, सोळा प्रकारचे भाग आणि साडेसात शिलिंग किंमत. लिव्हरपूलमधील अभियांत्रिकीचे नामवंत प्राध्यापक हेन्री सेल्बी हेल-शॉ यांनी या खेळण्याची वाखाणणी केली आणि त्या शिफारशीचा चांगला उपयोग झाला.

पण सुरुवातीचा माल काही फार सुबक नव्हता. पट्ट्या पातळ टिनच्या होत्या. बोट कापू नये आणि ताठपणा यावा म्हणून त्यांच्या कडा दुमडाव्या लागत. भाग बाहेरून करून घेतलेले असत. १९०३ पर्यंत सुमारे दीड हजार पेट्या खपल्या, तरी नफ्याचे नाव नव्हते. पहिला किरकोळ नफा दिसायला १९०६ साल उजाडले. कल्पना उत्तम असूनही माल सुमार असेल तर ती मार खाते, हे या चार-पाच वर्षांनी हॉर्नबींना शिकवले. त्यांनी जाड पोलादी पट्ट्या घेतल्या, टोके गोल केली आणि वर निकेलचा मुलामा चढवला. दुसऱ्यांकडून भाग करून घेण्याऐवजी स्वतः कारखाना काढायचा, असे ठरले.

१९०७ मध्ये त्यांनी ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले. आपल्याकडे नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली तेही हेच वर्ष. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड स्थापन झाली. एलियट बाजूला झाले आणि पंचेचाळिशीतल्या हॉर्नबींनी नोकरी सोडून संपूर्ण जोखीम आपल्या अंगावर घेतली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. पुढची पासष्ट वर्षे खेळण्यांच्या दुनियेत बिन्स रोड हा पत्ता नव्हे, हमी समजली जाई. मेकॅनोची शिस्त कुठवर गेली, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवघड गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले, ते प्रामुख्याने मेकॅनोचे भाग वापरून. खेळण्याच्या दुकानातल्या पट्ट्या संशोधनाला पुरल्या, त्या मापाच्या भरवशावर.

चावीची गाडी

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपच्या खेळण्यांच्या बाजारावर जर्मनीचे राज्य होते. न्युरेंबर्गचे बिंग आणि ग्योपिंगेनचे मॅर्कलिन यांच्या पत्र्याच्या आगगाड्या इंग्रज मुलेही चालवत. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक उत्तम प्रतीची इंजिने विकत. पण त्यांतलाही बराच माल बिंगकडून बनून येई. मेकॅनोची जर्मनीत शाखा होती. युद्धात ती जप्त होऊन मॅर्कलिनच्या हाती गेली. युद्ध संपले तेव्हा इंग्लंडमध्ये जर्मन मालाविषयी राग होता आणि दुकानांतली फळी रिकामी होती. हॉर्नबींनी ही वेळ साधली.

१९२० मध्ये हॉर्नबींची पहिली आगगाडी आली. चावीवर चालणारे चार चाकांचे इंजिन, मागे कोळशाचा टेंडर आणि मालडबा. रुळांतले अंतर ३२ मिलिमीटर. तिची खुबी अशी की ती मेकॅनोसारखीच नट-बोल्टने जोडलेली होती. बोल्ट काढले की इंजिन सुटे होई आणि मोडलेला भाग बदलता येई. जर्मन गाड्यांचे पत्रे एकमेकांत दुमडून बसवलेले असत. एकदा वाकले की गेले. हॉर्नबींची गाडी मुलाच्या हातून पडली, जिन्यावरून घसरली, तरी पुन्हा उभी राही.

दिसायला मात्र ती कुठल्याच खऱ्या इंजिनासारखी नव्हती. त्या वेळी ब्रिटनमध्ये अनेक रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला होता. मिडलंडचे इंजिन तांबडे, ग्रेट नॉर्दर्नचे हिरवे, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचे काळे. बिन्स रोडवर इंजिन एकाच साच्याचे निघे. रंग आणि अक्षरे तेवढी बदलत. दूरच्या गावातल्या मुलाला आपल्या स्टेशनावरची गाडी मिळाल्याचे समाधान होई. जाणकार मात्र नाक मुरडत.

१९२५ मध्ये विजेवरची गाडी आली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या इंजिनाचे ते रूप. मूळ इंजिनाला आठ चाके, खेळण्याला चारच. त्याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे ते घरच्या विजेवरच चाले. मध्ये फक्त एक दिवा जोडून प्रवाहाचा जोर कमी करत. उघड्या रुळांवर असा प्रवाह आणि शेजारी खेळणारे मूल, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले तरी अंगावर काटा येतो. लवकरच हॉर्नबींनी कमी दाबाच्या गाड्या आणल्या आणि ती पद्धत बंद पडली. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या माणसाकडूनही नव्याच्या घाईत असे घडले, हे नोंदवलेच पाहिजे.

हुबेहूबपणाची ओढ

मुले मोठी झाली तशी त्यांची नजरही तयार झाली. ‘मेकॅनो मॅगझिन’ हे मासिक १९१६ पासून निघत होते. पूल कसा बांधतात, इंजिनात वाफ कशी खेळते, हे त्यात वाचणारा मुलगा आपल्या हातातल्या इंजिनाकडे पाहून प्रश्न विचारू लागला. खऱ्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला पुढे चार, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन चाके आहेत, मग हॉर्नबींच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला मधली चाके चारच का?

कारण होते वळणाचे. हॉर्नबींचे रूळ एक किंवा दोन फूट त्रिज्येत वळत. एवढ्या आवळ वळणावर सहा मोठी चाके एका रांगेत बसवली तर ती अडकतात किंवा रुळावरून उतरतात. खऱ्या लोहमार्गाचे वळण प्रमाणात लहान करायचे म्हटले तर ते दिवाणखान्यात मावणार नाही. म्हणजे वळण खोटे ठेवावे लागते आणि त्यासाठी इंजिनही थोडे खोटे करावे लागते. खेळण्यातल्या आगगाडीची सारी कला या तडजोडीत आहे. कुठे खरे राहायचे आणि कुठे सूट घ्यायची, हे ठरवणारा माणूस शहाणा हवा.

हॉर्नबींनी क्रम असा लावला. गाडी आधी चालली पाहिजे, मग टिकली पाहिजे, मग परवडली पाहिजे आणि या तिन्ही गोष्टी साधून जेवढी खऱ्यासारखी दिसेल तेवढी दिसावी. १९२९ मध्ये त्यांच्या कारखान्याने चार मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या चार वेगवेगळ्या इंजिनांच्या प्रतिकृती काढल्या. या वेळी रंग बदलून भागवले नव्हते. धुराडे, बॉयलर, चाकांवरच्या कमानी हे सारे ज्या त्या इंजिनाप्रमाणे होते. १९३१ पासून फलाटावरचे हमाल, गार्ड, प्रवासी यांच्या ओतीव मूर्ती निघू लागल्या. त्यांच्याच पाठोपाठ छोट्या मोटारी आल्या आणि १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही साचे कलकत्त्याला आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने भारतीय मुलांच्या हातात त्या मोटारी पडल्या.

या यशाची दुसरी बाजूही आहे. हॉर्नबींच्या जाहिराती, मासिके, मंडळे ही सारी मुलग्यांना उद्देशून असत. मुलींना नट-बोल्टमध्ये काय रस, असे त्या काळाने धरून चालले होते आणि हॉर्नबींनीही ते तसेच चालू दिले. गंमत अशी की बिन्स रोडच्या कारखान्यात भाग जोडणारे, रंगवणारे, खोक्यांत भरणारे हात मोठ्या संख्येने तरुण मुलींचेच होते. ज्यांच्या बोटांच्या सफाईवर मालाची कीर्ती उभी होती, त्यांना खेळणारी म्हणून कुणी मोजले नाही.

आतून फुटणारा धातू

ओतीव भागांसाठी जस्ताचा मिश्रधातू वापरत. तो कमी उष्णतेला वितळतो आणि साच्यातले बारीक काम, अगदी रिव्हेटचे डोकेसुद्धा, नीट उचलतो. पत्रा ठोकून जे तपशील कधी आले नसते ते या धातूने दिले. पण त्यात एक घात लपलेला होता. या मिश्रणात शिशाचा अगदी अल्प अंश मिसळला, तरी धातू वर्षानुवर्षे आतल्या आत फुगतो, त्याला भेगा जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवेत हे लवकर घडते. कारखान्यातून बाहेर पडताना असा भाग निर्दोष दिसतो, मापात बसतो, वर्षे लोटल्यावर चाक हातात घेतले की त्याचे तुकडे होतात. १९३० च्या दशकातली हॉर्नबींची कितीतरी चाके आणि डिंकीच्या कितीतरी मोटारी अशा गेल्या. आज संग्राहक अशी जुनी वस्तू घेण्यापूर्वी भिंगातून भेगा शोधतात.

ज्याने आयुष्यभर भोकांमधले अंतर सांभाळले, त्याला धातूच्या पोटातला हा रोग दिसला नाही. दर्जा म्हणजे दिसणारे माप एवढेच नसते. साहित्याची शुद्धताही त्यात येते आणि ती डोळ्यांनी तपासता येत नाही. हा धडा हॉर्नबींच्या मालाने जगाला दिला, पण त्यांच्या हयातीनंतर.

अखेरची वर्षे

हिशेबनीस आता लक्षाधीश झाला होता. लिव्हरपूलजवळच्या माघल गावी मोठे घर होते. १९३१ मध्ये ते एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. पण वय साठीच्या पुढे गेले होते, तब्येत साथ देत नव्हती आणि १९३५ च्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. हृदयविकार आणि मधुमेह यांनी त्यांना ग्रासले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. माघलच्याच सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. कारखान्याची सूत्रे मोठा मुलगा रोलंड याच्याकडे आली. ज्याच्यासाठी पहिला पत्रा कापला, त्याच मुलाकडे.

ज्या हुबेहूबपणाकडे हॉर्नबी सरकत होते तो त्यांच्या मृत्यूनंतर वर्षाभरात साकारला. १९३७ मध्ये बिन्स रोडहून ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ हे इंजिन निघाले. मूळ इंजिनाला आहेत तेवढी सगळी चाके, बांधाही खऱ्याजवळचा आणि खास पेटी. किंमत पाच पौंड पाच शिलिंग. सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या पगाराहून ही रक्कम बरीच अधिक होती. हुबेहूबपणा मिळाला, पण तो बहुतेक मुलांना दुकानाच्या काचेतूनच पाहावा लागला.

१९३८ मध्ये आलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’ने वेगळी वाट काढली. रुळांतले अंतर ३२ वरून साडेसोळा मिलिमीटरवर आले आणि सारा लोहमार्ग जेवणाच्या टेबलावर मावू लागला. इंजिनाचा सांगाडा ओतीव धातूचा, तपशील अधिक, घराला जागा कमी लागणारी. इथेही एक तडजोड होतीच. इंजिन आणि डबे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याने केले, तर रुळांतले अंतर जवळजवळ एकोणीस मिलिमीटर हवे होते. ते साडेसोळाच ठेवले गेले. ब्रिटनमधली खेळण्यातली आगगाडी आजही या अरुंद रुळांवरच धावते आणि त्यावरून हौशी मंडळींत कडाक्याचे वाद होतात.

पुढची कहाणी धंद्याच्या चढउताराची. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सने घेतली. १९७१ मध्ये लाइन्सही कोसळले. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद झाला. हॉर्नबी हे नाव मात्र इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या मार्गेटहून चालू राहिले आणि १९९० च्या दशकापासून या गाड्या चीनमध्ये बनू लागल्या.

आपल्या घरातली आगगाडी

महाराष्ट्रात या छंदाचे मोठे ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या आणि घडवलेल्या या छोट्या नगरीचे दार १९९८ मध्ये लोकांसाठी उघडले. सिग्नल, सांधे, पूल आणि एकाच वेळी धावणाऱ्या अनेक गाड्या पाहून लहानांपेक्षा मोठेच जास्त वेळ रेंगाळतात. मेकॅनोच्या धर्तीवरचे ‘मेकॅनिक्स’ हे भारतीय खेळणेही अनेक घरांत ओळखीचे आहे.

आपली गाडी मात्र बाजारातल्या रुळांवर नीट बसत नाही. ठाण्याहून जाणारा आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. युरोपात रूढ असलेल्या सत्त्याऐंशीपट लहान प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा; खोक्यातले रूळ साडेसोळाचे असतात. त्यामुळे भारतीय इंजिनाची प्रतिकृती रुंद अंगाची आणि अरुंद पायांची होते. आपल्याकडचे बहुतेक हौशी ही तडजोड मान्य करतात आणि डब्याच्या खिडक्या, जाळ्या, रंगाचे पट्टे यांत अचूकपणा शोधतात. आपली बारा डब्यांची लोकल याच प्रमाणात मांडायची तर ती जवळजवळ तीन मीटर लांब होईल. कोलशेतच्या दोन खोल्यांच्या घरात ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पोहोचेल आणि वळायला जागाच उरणार नाही. म्हणून चार डब्यांवर समाधान मानायचे. हॉर्नबींनी चाके कमी केली, आपण डबे कमी करतो.

खोके घरी आणताना त्यांचाच क्रम लक्षात ठेवला तर पैसे वाया जात नाहीत. आधी रूळ पाहावेत. सरळ तुकडे एकमेकांना जोडून नखाने सांध्यावरून हळूच ओढावे. नख अडखळले की चाकही अडखळणार. सपाट काचेवर रूळ ठेवला आणि तो डुगडुगला तर गाडी उलटणारच. रूळ कशाचे आहेत, हे विचारावे. पोलादी रूळ खाडीकाठच्या पावसाळ्यात गंजतात आणि वीज नीट वाहू देत नाहीत; निकेल-सिल्व्हरचे रूळ महाग, पण त्यांवर तसा गंज चढत नाही. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण.

मग चाके पाहावीत. जोडीतली दोन्ही चाके आसावर सरळ बसली आहेत का, इंजिन हळू वेगात न थबकता चालते का, मोडलेला भाग मिळतो का, हे महत्त्वाचे. धुराड्यावरची सोनेरी रेघ आणि बॉयलरवरचे रिव्हेट यांचा विचार त्यानंतर. स्लीपर मोजायची हौस असेल तर हेही सांगायला हवे की आपल्या मुख्य मार्गांवर दोन स्लीपरांमध्ये साधारण साठ सेंटिमीटर अंतर असते, म्हणजे प्रतिकृतीत सात मिलिमीटर. ज्याला हे मोजावेसे वाटते, तो मुलगा किंवा ती मुलगी खेळण्याच्या पलीकडे गेलेली असते.

हॉर्नबींच्या पट्ट्या विकत घेणाऱ्या बहुतेकांनी पुढे इंजिने बांधली नाहीत, पूल उभारले नाहीत. ते दुकानदार झाले, शिक्षक झाले, हिशेबनीस झाले. पण बोल्ट भोकात सहज बसला तो क्षण त्यांच्या बोटांनी अनुभवलेला होता. जगात काही गोष्टी ठरल्या मापाने जुळतात आणि त्या जुळवणे आपल्या हातात असते, हा विश्वास मुलाला देणारे खेळणे चांगले. जे खेळणे जुळत नाही, ते मुलाला उलटच शिकवते. वळणावर उलटलेली गाडी पाहून हिरमुसलेल्या मुलाला एवढे तरी सांगावे की चूक त्याची नाही. ती बहुधा रुळात असते, आणि रूळ सरळ करता येतो.